एकवीस डावांत तीन गुण

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून दे, असा निरोप आला तेव्हा डोळ्यांसमोर इमारत आली नाही, घंटा आली नाही, प्रार्थनाही आली नाही. आला तो खडूचा उंट.

आठवी ब च्या वर्गात शेवटच्या बाकावर कुणीतरी आमच्या आधीच करकटकाने बुद्धिबळाचा पट कोरून ठेवला होता. काळी घरं शाईने भरलेली. सोंगट्या सरांच्या, लाकडी, कापडी पिशवीतल्या. त्यातला एक पांढरा उंट हरवला होता. सरांनी ब्लेडच्या पात्याने खडू तासून त्याची जागा भरली. तो उंट हलवला की बोटं पांढरी व्हायची आणि मग ती परकराला पुसली जायची, त्यामुळे मधल्या सुट्टीत कोण खेळलं हे पुढच्या तासाच्या बाईंना लगेच कळायचं. वापरून वापरून तो झिजायचा. सहामाहीपर्यंत प्याद्याएवढा व्हायचा, मग सर नवा करायचे.

सरांनाही आम्ही मागे ‘उंट सर’च म्हणायचो. उंच होते म्हणून नव्हे. मैदान ओलांडताना ते कधी सरळ जात नसत, पटावरच्या उंटासारखे या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात तिरके जात. गणित शिकवायचे. हे नाव त्यांना ठाऊक होतं, असं मला आता वाटतं.

माझ्या आधी मुली त्या बाकाकडे फिरकत नव्हत्या. मीसुद्धा खेळायला म्हणून गेले नव्हते, डबा खायला जागा नव्हती म्हणून गेले. सरांनी विचारलं, “घोडा कसा चालतो माहीत आहे का?” मी म्हटलं, “अडीच घरं.” “मग बस.” एवढीच माझी भरती.

पुढच्याच आठवड्यात सरांनी पहिल्यांदा व्हेरा मेन्चिकचं नाव घेतलं. पुण्याला गेले की ते अप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तकं धुंडाळत. तिथे त्यांना इंग्रजी बुद्धिबळ मासिकाचे जुने, बांधीव अंक मिळाले होते. त्यात एक फोटो होता. गोल चेहरा, आखूड केस, साधी, जरा स्थूल बाई, समोर पट. मला ती आमच्या शेजारच्या नर्सबाईंसारखी वाटली. सर म्हणाले, “ही जगातली पहिली महिला विश्वविजेती.” मग जरा थांबून म्हणाले, “आणि हिला एका स्पर्धेत एकवीस डावांत फक्त तीन गुण मिळाले.”

दुसरं वाक्य पहिल्याइतक्याच अभिमानाने का सांगितलं, ते तेव्हा कळलं नाही.

पुढे मी मिळेल तिथून तिच्याबद्दल वाचत गेले. तिचा जन्म १९०६ साली मॉस्कोत झाला. वडील चेक, आई इंग्रज. नऊ वर्षांची असताना वडिलांनी बुद्धिबळाचा संच आणून दिला आणि चौदाव्या वर्षी ती शाळेतल्या स्पर्धेत खेळली. (हे वाचून मी उगीचच खूश झाले होते. शाळेतल्या स्पर्धेत मीही खेळले होते की.) रशियात क्रांती झाली, घरची मालमत्ता गेली. १९२१ मध्ये आई आणि धाकटी बहीण ओल्गा यांच्याबरोबर ती इंग्लंडमध्ये हेस्टिंग्जला आजीकडे आली. इंग्रजी धड येत नव्हतं. भाषा येत नसेल तर बुद्धिबळ बरं, तिथे बोलावं लागत नाही, असं तिने नंतर स्वतःच सांगितलं आहे. हेस्टिंग्ज हे तर बुद्धिबळाचंच गाव. तिथे तिला गुरू मिळाला तो गेझा मारोत्सी, हंगेरीचा जगप्रसिद्ध खेळाडू. त्याच्याकडून ती शांत खेळ शिकली. उगाच मोहरा फेकून चमत्कार दाखवायचा नाही, जागा धरायची, डावाच्या शेवटापर्यंत वाट बघायची.

१९२७ मध्ये लंडनला महिलांची पहिली विश्वविजेतेपद स्पर्धा झाली. तिने अकरापैकी साडेदहा गुण मिळवले. त्यानंतर मरेपर्यंत हे पद कुणी तिच्याकडून काढून घेऊ शकलं नाही. १९३१ ला प्रागमध्ये आठपैकी आठ, १९३३ ला फोकस्टनमध्ये चौदापैकी चौदा, १९३५ ला वॉर्सात नऊपैकी नऊ, १९३७ ला स्टॉकहोममध्ये पुन्हा चौदापैकी चौदा. या चार स्पर्धांचे हजेरीपटासारखे आकडे आहेत, एकही खाडा नाही.

पण सरांना या आकड्यांत फारसा रस नव्हता. ते कार्ल्सबाडवर यायचे.

कार्ल्सबाड, चेकोस्लोव्हाकिया, १९२९ चा उन्हाळा. बावीस खेळाडू, प्रत्येकाने प्रत्येकाशी एक डाव. एकवीस पुरुष आणि तेवीस वर्षांची व्हेरा. समोर माजी विश्वविजेता कापाब्लांका, शिवाय रुबिनस्टाइन, निम्झोविच अशी त्या काळची बडी माणसं. व्हिएन्नाचा आल्बर्ट बेकर थट्टेने म्हणाला, जो हिच्याकडून हरेल त्याला ‘व्हेरा मेन्चिक क्लब’चा सभासद करायचं. मंडळी हसली. थोड्याच दिवसांत बेकरचा डाव तिच्याशी आला आणि तो हरला. क्लबचा पहिला सभासद म्हणून त्याचंच नाव लागलं. बेकर काही ऐरागैरा नव्हता. त्या स्पर्धेत तो पाचव्या ते सातव्या जागेच्या वाटेकऱ्यांत होता. तिने आणखी झेमिशला हरवलं, दोन डाव बरोबरीत सोडवले, बाकीचे सतरा हरली. बाविसात शेवटची.

सर हे सांगताना फळ्यावर लिहायचे: २ + ½ + ½ = ३. अपूर्णांकांच्या तासालासुद्धा एकदा हेच उदाहरण आलं होतं.

आता आमच्या तालुक्याच्या स्पर्धेचं सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय पुढचं लागत नाही. १९७९ साल, मी नववीत. आंतरशालेय स्पर्धा दुसऱ्या गावच्या शाळेत होती. शाळेचं नाव सांगत नाही, तिथेही आता चांगली माणसं आहेत. सरांनी तीन मुलं आणि मी अशी चार नावं दिली होती. नोंदणीच्या टेबलावरच्या गृहस्थांनी यादी वाचली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, “मुलींसाठी रांगोळी आणि संगीत खुर्ची आहे, तिकडं मागच्या अंगणात.”

सर भांडले नाहीत. खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेलं वर्तमानपत्राचं कात्रण काढून त्यांनी टेबलावर ठेवलं.

ते कात्रण रोहिणी खाडिलकरांचं होतं. मुंबईच्या खाडिलकर भगिनी, वासंती, जयश्री आणि रोहिणी, तेव्हा आमच्या सगळ्यांच्या तोंडी होत्या. महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९७४ मध्ये झाली ती वासंतीताईंनी जिंकली, पुढच्या वर्षी जयश्रीताईंनी. १९७६ मध्ये रोहिणी, तेव्हा तेरा वर्षांची, पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली. केवढा गहजब झाला! प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि शेवटी जागतिक बुद्धिबळ संघटनेचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनी निर्वाळा दिला की कुठल्याही राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय स्पर्धेत बाईला बाई म्हणून अडवता येणार नाही.

सर त्या गृहस्थांना म्हणाले, “जगाच्या अध्यक्षांची हरकत नाही. तालुक्याच्या अध्यक्षांची आहे का, विचारून या.” ते विचारायला गेले. बराच वेळ आलेच नाहीत. तोवर पहिली फेरी सुरू झाली आणि मी बसले.

आता मॅक्स युवेंची गंमत. हे सरांना तेव्हा माहीत होतं की नाही, कोण जाणे. असतं तर त्यांनी नक्की सांगितलं असतं. युवे हॉलंडचे. १९३५ मध्ये अलेखाइनला हरवून विश्वविजेते झाले. पोटापाण्याला काय करायचे? गणिताचे शिक्षक! तेही ॲमस्टरडॅमच्या मुलींच्या शाळेत. आणि या युवेंना व्हेरा मेन्चिकने हेस्टिंग्जच्या स्पर्धांत लागोपाठ दोन वर्षं हरवलं होतं. पहिल्यांदा हरवलं ती १९३०-३१ ची स्पर्धा तर युवेंनीच जिंकली होती. म्हणजे रोहिणीच्या बाजूने निर्वाळा देणारा माणूस क्लबचा जुना सभासद निघाला! त्या निर्वाळ्यामागे हे कारण होतं असं मी म्हणणार नाही. पण अंगावर काटा आला, एवढं खरं.

क्लबची यादी तशी भारदस्त आहे. आपल्याकडून, म्हणजे अखंड हिंदुस्थानातून, गेलेला पंजाबचा मीर सुलतान खान त्यात आहे. त्याने कापाब्लांकाला हरवलं आणि तो व्हेराकडून हरला. अमेरिकेचा रेशेव्हस्की आहे. इंग्लंडचे सर जॉर्ज थॉमसही आहेत. १९३२ ला लंडनमध्ये तिने त्यांच्यावर जो विजय मिळवला, तो तिच्या सगळ्या शांत खेळात उठून दिसणारा, आक्रमक डाव आहे. हे थॉमस म्हणजे तेच, बॅडमिंटनवाले, ज्यांच्या नावाचा थॉमस चषक आपल्या मुलांनी २०२२ मध्ये आणला.

कार्ल्सबाडच्याच वर्षी, त्याच्या आधी, रॅम्सगेटला ती कापाब्लांकाच्या अर्धा गुण मागे, रुबिनस्टाइनबरोबर दुसरी आली होती. आपल्या गुरूच्या, मारोत्सीच्या, पुढे. मारोत्सीला काय वाटलं असेल? मला विचाराल तर त्याने खडूचा उंट केला असता. १९३५ ला मॉस्कोत मात्र पुन्हा शेवटची, एकोणीस डावांत दीड गुण. अलेखाइन, कापाब्लांका यांना ती कधीच हरवू शकली नाही. बायकांत तिच्या जवळपास कुणी नव्हतं आणि पुरुषांत ती मधली किंवा खालची होती. घरी बसून चौदापैकी चौदा मिळवत राहता आलं असतं, पण ती दरवर्षी बॅग भरून मार खायला जायची. मला ती आवडते ती यासाठी.

बाकी आयुष्य थोडक्यात सांगते, कारण ते होतंच थोडकं. १९३७ मध्ये तिने बुद्धिबळाचेच एक कार्यकर्ते स्टीव्हन्सन यांच्याशी लग्न केलं. १९३९ ची विश्वविजेतेपद स्पर्धा अर्जेंटिनात ब्युनोस आयर्सला होती. ती चालू असतानाच युरोपात महायुद्ध पेटलं. बरेच खेळाडू तिकडेच राहिले. ही विजेतेपद घेऊन लंडनला परतली. तिथल्या राष्ट्रीय बुद्धिबळ केंद्राची व्यवस्था तिच्याकडे होती, ते १९४० च्या बॉम्बवर्षावात गेलं. १९४३ मध्ये नवरा गेला. जून १९४४ च्या अखेरीस एका रात्री दक्षिण लंडनमधल्या क्लॅपहॅमच्या घरावर जर्मनांचा उडता बॉम्ब पडला. व्हेरा, आई आणि ओल्गा तिघीही त्यात गेल्या. ती अडतीस वर्षांची होती. जिंकलेले चषक, बक्षिसं, कागद सगळं त्या घरातच होतं.

महिला विश्वविजेती हे पद त्यानंतर काही वर्षं रिकामं राहिलं.

तालुक्याच्या त्या स्पर्धेत माझं काय झालं, हे आमच्या तुकडीला माहीत आहे, पण नव्या मुलींसाठी सांगते. चार डाव होते. पहिला हरले, किल्लेकोट (राजाला कोपऱ्यात सुरक्षित नेणारी चाल) करायचं विसरले म्हणून. दुसरा हरले. तिसऱ्या डावाला समोर आला तो यजमान शाळेचा हुकमी मुलगा. बसतानाच मित्रांना म्हणाला, “चला, हा फुकटचा गुण.” मी काही खास खेळले नाही. त्याचं लक्ष सारखं खिडकीतल्या मित्रांकडे. त्याने वजिराला हात लावला, मग हलवायचा नाही म्हणाला. पंचांनी नियम दाखवला, हात लावला की हलवायचा. वजीर हलला आणि मागचा हत्ती उघडा पडला. तो मी माझ्या उंटाने खाल्ला. लाकडी उंट होता, पण मी सवयीने बोटं परकराला पुसली.

तो हरल्यावर खिडकीतल्या पोरांनी त्याला इतकं छळलं की तो रडायला लागला. आमच्या शाळेची तिघंही त्यात सामील झाली, तेव्हा सरांनी त्यांना सगळ्यांसमोर झापलं. चौथा डाव मी हरले. येताना एसटीत सरांनी पहिल्यांदा बेकरच्या क्लबची गोष्ट सांगितली, तीही त्या तिघांना ऐकू जाईल अशा आवाजात.

त्यानंतर मी मोठी खेळाडू झाले नाही. बँकेत लागले, बदल्या झाल्या, मुलगी झाली, तिला खेळ शिकवला, तिने तो सोडला. सप्टेंबर २०२४ मध्ये बुडापेस्टच्या बुद्धिबळ ऑलिम्पियाडमध्ये आपल्या मुलींनी सुवर्णपदक जिंकलं, तेव्हा मी मोबाईलवर बघत होते. हरिका, वैशाली, दिव्या, वंतिका, तानिया, आणि कर्णधार आपले पुण्याचे अभिजित कुंटे. नागपूरच्या दिव्या देशमुखने तिसऱ्या पटावरचं वैयक्तिक सुवर्णही घेतलं आणि पुढच्याच वर्षी विश्वचषक जिंकून ती ग्रँडमास्टर झाली. ऑलिम्पियाडच्या विजेत्या महिला संघाला जो फिरता चषक मिळतो त्याचं नाव आहे व्हेरा मेन्चिक चषक. घरात कुणालातरी हे सांगावं म्हणून मी हाका मारल्या. सगळे म्हणाले, “कोण व्हेरा?”

सर त्याआधी काही वर्षांपूर्वीच गेले होते. त्यांच्या मुलीने मला त्यांची एक वही दिली. दोनशे पानी, खाकी वेष्टनाची. आपल्या शाळेतून बाहेर खेळायला गेलेल्या प्रत्येकाची त्यात नोंद आहे, कोण कुठे किती डाव खेळलं ते. जिंकलेल्यांची वेगळी यादी नाही, सगळे एकाच रांगेत. माझं नाव सापडायला वेळ लागला. लाल शाईत, सरांच्या तिरक्या अक्षरात एक ओळ:

“तालुका, १९७९. डाव ४. गुण १. बेकर – १.”

– एक माजी विद्यार्थिनी, दहावी १९८१