जुने फोटो हातात घेऊन फोर्टमधून: काळा घोडा, बोरीबंदर, राणीबाग आणि ओव्हल

मुंबईच्या फोर्टमधले रस्ते जुन्या फोटोंशी ताडून बघायचे असतील तर आधी एक काम करा. फोटो मोबाइलवर ठेवू नका, छापून न्या. उन्हात स्क्रीन दिसत नाही, आणि मोठं करून बघताना कडेला असलेलं सगळं निसटतं. दिव्याचा खांब, दुकानाची पाटी, मागचा अर्धवट मनोरा हे सगळं कडेलाच असतं. मी झेरॉक्सच्या दुकानातून ए-फोर कागदावर प्रिंट काढल्या होत्या आणि दोन फोटो पारदर्शक शीटवर छापून घेतले होते. ही शीट डोळ्यांसमोर धरायची आणि मागेपुढे सरकत राहायचं. फोटोतलं छत खऱ्या छतावर नेमकं बसलं की कॅमेरा कुठे होता ते कळतं. लॅमिनेशन मात्र नको, ते चकाकतं.

सोबत आत्या होती. तिची सगळी नोकरी फोर्टात झाली, त्यामुळे गल्ल्या तिला पाठ. मी फोटो गोळा केले ते मुख्यतः विकिमीडिया कॉमन्सवरून. शोधताना आजची नावं घातली तर फारसं काही हाती लागत नाही. दादाभाई नौरोजी मार्गासाठी हॉर्नबी रोड, महात्मा गांधी मार्गासाठी एस्प्लनेड रोड, वीर नरिमन मार्गासाठी चर्चगेट स्ट्रीट, के. दुभाष मार्गासाठी रॅम्पार्ट रो आणि महर्षी कर्वे मार्गासाठी क्वीन्स रोड असं शोधा. काळ्या घोड्याच्या पुतळ्यासाठी थेट एडवर्ड राजाचं नाव टाका.

दिवस रविवारचाच निवडा. कचेऱ्या बंद असतात, त्यामुळे रस्त्याच्या मधोमध मिनिटभर उभं राहता येतं. फक्त लोकलचा मेगाब्लॉक आदल्या दिवशी बघून ठेवा. खाण्याची सोयही आधी करा, कारण फोर्टातली बरीच उपाहारगृहं रविवारी बंद असतात.

सुरुवात काळ्या घोड्यापासून केली ती उजेडासाठी. इथली जुनी रांग पूर्वेकडे तोंड करून आहे, म्हणून सकाळी आठ-नऊला दगडावरची कोरीव कामं स्वच्छ दिसतात. जहांगीर आर्ट गॅलरीच्या बाजूला उभं राहिलं की समोर डावीकडून एल्फिन्स्टन कॉलेज, डेव्हिड ससून लायब्ररी, आर्मी अँड नेव्ही बिल्डिंग आणि उजव्या टोकाला वॉटसन हॉटेल, म्हणजे आजचं एस्प्लनेड मॅन्शन. फोटोवर तारीख नसली तरी या रांगेवरून काळ ओळखता येतो. वॉटसन १८६९चं, ससून लायब्ररीची इमारत १८७०ची, कॉलेज १८८८मध्ये या जागेत आलं आणि आर्मी अँड नेव्ही त्याही नंतरची, १८९०च्या दशकातली. लायब्ररी आणि हॉटेल यांच्यामध्ये मोकळी जागा दिसली की फोटो त्या दशकाच्या आधीचा समजायचा. माझ्याकडच्या एका फोटोत ती मोकळी जागा होती. आत्याने तो बराच वेळ हातात धरला आणि म्हणाली, “अगं, इतकी वर्षं या दारावरून गेले, पण ही इमारत मागाहून घुसवलीय हे कधी लक्षातच आलं नाही.”

वॉटसनजवळ जास्त वेळ थांबा. या इमारतीचा ओतीव लोखंडाचा सांगाडा इंग्लंडमध्ये तयार होऊन बोटीने मुंबईला आला. जुन्या फोटोंत प्रत्येक मजल्याला लांबच लांब सज्जे आहेत आणि त्यांचे बारीक लोखंडी खांब सारख्या अंतरावर उभे आहेत. याच हॉटेलात ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं भारतात पहिल्यांदा दाखवली गेली. ती पाहून हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, आपले सावेदादा, यांनी परदेशातून कॅमेरा मागवला आणि १८९९मध्ये हँगिंग गार्डनला कुस्ती चित्रित केली. सावेदादा मुळात फोटोग्राफर. भारतातल्या सिनेमाची सुरुवात सांगताना या दाराशी उभं राहूनच सांगावी, असं मला मनापासून वाटतं. २००५मध्ये इमारतीचा काही भाग कोसळला, २०१९मध्ये भाडेकरूंना बाहेर काढून ती रिकामी केली गेली. पाडायची की वाचवायची हा वाद कोर्टात गेला. माझं मत स्पष्ट आहे. ही इमारत गेली तर असा दुसरा सांगाडा आपल्याकडे नाही. तुम्ही जाल तेव्हा लांबून का होईना, प्रत्येक बाजूचे फोटो काढून ठेवा. भिंतीला लागून उभं राहू नका, समोरच्या फुटपाथवरून बघा.

जुन्या फोटोंत चौकाच्या मधोमध जो स्वार दिसतो तो एडवर्ड, इंग्लंडचा तेव्हाचा युवराज. अल्बर्ट ससून यांनी दिलेला हा पुतळा १८७९मध्ये बसला आणि १९६५मध्ये हलवला गेला. आता दिसतो तो बिनस्वाराचा घोडा २०१७चा. लोक त्यालाच जुना समजून फोटो काढतात. जुना कुठे आहे ते पुढे सांगते.

तिथून चालत हुतात्मा चौक. फ्लोरा फाउंटन १८६४चं. किल्ल्याच्या भिंती पाडल्या त्याच सुमाराला, जुन्या चर्चगेट दरवाजाच्या जागी ते उभं राहिलं. कित्येक वर्षं त्याच्यावर पांढऱ्या रंगाचे थर चढवले होते. ते काढून २०१९मध्ये ते पुन्हा सुरू झालं, त्यामुळे आज कारंज्याचा दगड जुन्या फोटोशी पूर्वीपेक्षा जास्त जुळतो. याच दुरुस्तीच्या वेळी, २०१८मध्ये, खोदकामात ट्रामचे रूळ वर आले होते.

फोटोचा काळ ओळखायला ट्रामइतकी चांगली खूण दुसरी नाही. घोड्यांची ट्राम ९ मे १८७४ला सुरू झाली, विजेची ७ मे १९०७ला, दुमजली १९२०मध्ये, आणि ३१ मार्च १९६४ला ट्राम बंद झाली. रस्त्यात रूळच नसतील तर फोटो पहिल्या तारखेच्या आधीचा असण्याची शक्यता मोठी. रूळ आहेत पण डोक्यावर तारा नाहीत, तर १९०७च्या आधीचा. आत्याने लहानपणी ट्राममधून प्रवास केलाय. तिला आठवतं ते म्हणजे चालक पायाने दाबून वाजवायचा ती घंटा, आणि शेवटच्या थांब्यावर बाकांच्या पाठी उलट्या फिरवण्याचा खडखडाट.

या चौकाचे बहुतेक जुने फोटो कारंज्याचेच असतात. पण २१ नोव्हेंबर १९५५ला संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावर गोळीबार झाला तो इथेच. हातात मशाल घेतलेल्या शेतकरी-कामगाराचं स्मारक त्या हुतात्म्यांचं आहे. तिथली नावं वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

दादाभाई नौरोजी मार्गावर फोटो आणि आजचा रस्ता इतके जुळतात की पारदर्शक शीट इथेच वापरावी. इमारतींच्या तळमजल्यावर सलग कमानींखालून जाणारी वाट १८९६च्या नियमामुळे आली, आणि ती अजून पावसात लोकांना कोरडं ठेवते. या रस्त्याचे बरेच फोटो वरून, गच्चीतून किंवा सज्जातून काढलेले आहेत. तुम्ही खाली उभे असाल तर रेषा जुळणार नाहीत, त्यावर वेळ घालवू नका. फुटपाथवरून काढलेले फोटो निवडा. मोबाइलची वाइड लेन्सही बंद ठेवा, तिने कडेच्या इमारती तिरक्या होतात. आणखी एक, जुन्या फोटोंत रस्ते ओस दिसले तरी मुंबई रिकामी होती असं समजू नका. तेव्हा फोटो काचेवर उमटवत आणि ती काच कित्येक सेकंद उघडी ठेवावी लागे, चालणारी माणसं त्यात उमटतच नसत. नीट बघितलं तर कुठे कुठे धुरकट पट्टा दिसतो. तो बैलगाडीचा किंवा माणसांचा असतो.

बोरीबंदरला, म्हणजे सीएसएमटीसमोर फक्त दोन गोष्टी सांगते, बाकी सगळीकडे लिहिलेलं आहे. दर्शनी भागावरच्या मोठ्या घड्याळाखालचा कोनाडा बघा. तो आज रिकामा आहे. जुन्या फोटोंत तिथे व्हिक्टोरिया राणी उभी आहे. आणि स्टेशनसमोर पालिकेचा मनोरा नसेल तर फोटो १८९३च्या आधीचा. दोन्ही इमारतींचे वास्तुकार एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सच. रस्ता भुयारी मार्गाने ओलांडा. फलाटांवर मोठा कॅमेरा काढू नका, पोलीस हटकतात. लायन गेटसारख्या नौदलाच्या दरवाजांचेही फोटो घेऊ नका.

दुपारच्या उन्हात लोकलने भायखळा. धीम्या गाडीने तिसरं स्टेशन, तिथून पूर्वेला पंधरा मिनिटं चालत राणीबाग, म्हणजे जिजामाता उद्यान. डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२चं आहे आणि त्याच्या आवारात फोर्टातले काढलेले पुतळे ठेवलेत. खरा काळा घोडा इथे, स्वारासकट. चौकात मान वर करून बघायची गोष्ट इथे जवळून बघता येते, लगामाचे बारकावेसुद्धा दिसतात. संगमरवरी व्हिक्टोरियाही इथेच बसली आहे. तिचा जुना फोटो जरूर न्या. बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी दिलेल्या या पुतळ्यावर नक्षीदार, उंच मेघडंबरी होती. फोटोत नजर आधी तिच्याकडेच जाते. आता मेघडंबरी नाही, नुसती राणी आहे. गंमत म्हणजे फ्लोरा फाउंटन मुळात राणीबागेसाठी घडवलं होतं, ते फोर्टात राहिलं. आणि फोर्टातला घोडा राणीबागेत आला. राणीबाग आणि संग्रहालय बुधवारी बंद असतं, आणि संग्रहालय उघडं आहे का ते निघण्यापूर्वी विचारून घ्या.

चारच्या सुमाराला परत येऊन ओव्हल मैदान. तिथे पश्चिमेच्या फुटपाथवर जाऊन उभे राहा. समोर जुनं सचिवालय, विद्यापीठाचं दीक्षान्त सभागृह, राजाबाई टॉवर, हायकोर्ट. १८७४ ते १८७८ या काळात पूर्ण झालेली रांग. हिचे सुरुवातीचे फोटो बघितले तेव्हा मला आधी काही कळेचना, कारण इमारतींपुढे मोकळं माळरान, मग रेल्वेचा रूळ आणि लगेच समुद्र. चर्चगेटचा रूळ किनाऱ्यावर होता! या सगळ्या इमारती समुद्राकडे बघत बांधल्या होत्या, पश्चिमेचा वारा आत यावा म्हणून त्यांना खोल व्हरांडे दिले. नंतर १९२०च्या दशकात बॅकबेचा, म्हणजे इथल्या समुद्रात भर घालून जमीन करण्याचा भराव पुन्हा जोरात सुरू झाला आणि १९३०च्या दशकात ओव्हलच्या पश्चिमेला आर्ट डेको शैलीतल्या इमारतींची रांग उभी राहिली. इमारती आपल्या जागी राहिल्या, समुद्र हटला. आज मरीन ड्राइव्हपर्यंत दहा मिनिटं चालावं लागतं. दोन्ही रांगा मिळून २०१८मध्ये जागतिक वारसा यादीत गेल्या, त्यामुळे मैदानाच्या मधोमध उभं राहून एकदा पूर्वेला आणि एकदा पश्चिमेला फोटो घ्या. साठ वर्षांचं अंतर एका मानेच्या वळणात येतं.

राजाबाई टॉवर २८० फूट उंच आहे, प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून उभा राहिलेला. वर चढू देत नाहीत, तेव्हा टॉवरवरून काढलेल्या जुन्या फोटोंशी जुळणारा कोन मिळणार नाही. टॉवरच्या समुद्राकडच्या बाजूवर दुपारनंतरच ऊन येतं. सकाळी गेलात तर नुसती काळी आकृती मिळेल. क्रिकेट चालू असतं, बाउंड्रीच्या आत ट्रायपॉड लावू नका, खेळणाऱ्यांना विचारलं तर ते ओव्हर संपल्यावर जागा देतात. परतीला चर्चगेट लागूनच आहे, आणि मेट्रो तीनचं हुतात्मा चौक स्टेशनही जवळ आहे. काढलेल्या प्रत्येक फोटोला त्याच संध्याकाळी तारीख, उभं राहिल्याची जागा आणि तोंड कुठल्या दिशेला होतं ते लिहून ठेवा. जुन्या फोटोंवर या तीनच गोष्टी नसतात, आणि त्या शोधण्यातच आमचा निम्मा दिवस गेला.