बूस्ट गेज: काटा 11 वरच का अडला

टर्बो इंजिनात हवा किती दाबाने ढकलतो (बूस्ट) ते दाखवणारा गेज गाडीला बसवला. गाडी अडीच लिटरचा कॉमन रेल डिझेल पिकअप, 12 व्होल्ट. गेज मेकॅनिकल, 52 मिमीचा, 0 ते 30 पीएसआय (दाबाचं एकक). डिझेलच्या मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरना हवा वाटणाऱ्या पाइपात) पेट्रोलसारखा व्हॅक्यूम होत नाही, त्यामुळे व्हॅक्यूमच्या खुणा असलेला गेज घेतला तर तबकडीचा मोठा भाग वाया जातो.

या इंजिनात प्रेशर सेन्सर थेट मॅनिफोल्डवर बोल्टने बसतो. मध्ये टी (तीन तोंडांचा जोड) टाकायला रबरी नळीच नाही. म्हणून इंटरकूलरनंतरचा (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या जाळीनंतरचा) ॲल्युमिनियम पाइप काढून त्यावर टॅपिंग, म्हणजे नळी जोडायचं छिद्र, घेतलं. पाइपची भिंत 2 मिमी, त्यात 1/8 एनपीटीचे (अमेरिकन पाइप आट्यांचं माप) जेमतेम दोन आटे बसतात आणि ते टिकत नाहीत. बाहेरून 12 मिमी उंचीचा बॉस (जाड गोल तुकडा) वेल्ड करून 8.5 मिमी ड्रिल मारलं, मग टॅपने आटे पाडले. पाइप जागेवर ठेवून ड्रिल मारण्याचा आळस कुणी करू नये, बुरादा सरळ सिलिंडरमध्ये जातो. टर्बोच्या ॲक्च्युएटरच्या (बूस्ट आवरणाऱ्या यंत्रणेच्या) नळीतही टी टाकू नका. वेस्टगेटच्या (जादा एक्झॉस्ट टर्बोला वगळून सोडणाऱ्या झडपेच्या) नळीत गळती झाली तर वेस्टगेट वेळेवर उघडत नाही आणि बूस्ट हद्दीबाहेर जातो. व्हीजीटीवर (पाती फिरवून बूस्ट बदलणाऱ्या टर्बोवर) तर बहुधा ती व्हॅक्यूमचीच नळी असते.

नळी नायलॉनची, 1/8 इंच, सुमारे 2 मीटर. टर्बो आणि एक्झॉस्टपासून लांब, फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) जुन्याच रबरी ग्रोमेटमधून आत. टॅपिंगपासून गेजपर्यंत ती चढतीच ठेवली आहे. ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) येणारं तेल खोलगट वळणात साचतं आणि काटा सुस्त होतो. काटा थरथरू नये म्हणून टॅपिंगपाशी बारीक छिद्राचा रिस्ट्रिक्टर (हवा आवरणारा तुकडा) घातला.

पहिल्या फेरीत, खंबाटकीच्या चढाला तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण ॲक्सिलरेटर दिला तरी काटा 11 च्या वर जाईना. धूर नाही, ओढ चांगली. अशा वेळी टर्बो उघडण्याआधी ओबीडीवरचा (गाडीच्या निदान सॉकेटला लावलेल्या स्कॅनरवरचा) प्रेशर सेन्सरचा आकडा बघायचा. तिथे 225 किलोपास्कल होतं. हे ॲब्सोल्यूट प्रेशर, म्हणजे निर्वातापासून मोजलेलं; गेज मात्र बाहेरच्या हवेच्या वरचाच दाब दाखवतो, म्हणून त्यातून हवेचा दाब वजा करावा लागतो. पुण्याच्या उंचीवर तो साधारण 95, समुद्रसपाटीचा 101 नव्हे. उरले 130, म्हणजे जवळजवळ 19 पीएसआय. (101 वजा केलं तर 18 येतात, आणि त्या एका पीएसआयपायी चांगला गेज उगाच बदलला जातो.) इंजिन ठीक होतं, खोट नळीत होती.

नळी टॅपिंगपासून सोडवून तिच्या टोकाला 50 मिलीची सिरिंज लावली. दट्ट्या 20 च्या खुणेपर्यंत दाबला की काटा 15-16 वर जाऊन तिथेच थांबायला हवा. इथे तो सावकाश खाली येत होता. साबणाच्या पाण्याने गेजच्या मागच्या फिटिंगवर बारीक फेस धरला.

कारण आट्यांचं. आपल्याकडे न्यूमॅटिकच्या दुकानात सहसा बीएसपी (ब्रिटिश पाइप आट्यांचं) फिटिंग मिळतं: इंचाला 28 आटे. गेजचे एनपीटी, 27 आटे. दोन-तीन फेरे सहज जातात, मग घट्ट होतं आणि बसलं असं वाटतं. टेफ्लॉन टेप कितीही गुंडाळली तरी फट बुजत नाही. शिवाय दुकानातलं पुश फिटिंग 4 मिमीचं, आपली नळी 3.2 मिमीची (1/8 इंच), तीही पकड कच्ची. आणि रिस्ट्रिक्टर असल्याने एवढीशी गळतीही महागात पडते. छिद्रातून हवा मोजकीच येते, गेजपाशी तेवढीच निसटत राहते, म्हणून काटा मध्येच तोलला जातो.

1/8 एनपीटीचं पितळी कॉम्प्रेशन फिटिंग लावलं. त्याच चढाला, त्याच गिअरमध्ये आता 18.5.

गेजच्या दिव्याची वायर पार्किंग लाइटवरून, 2 अँपिअर फ्यूज घालून घ्यायची आहे. 24 व्होल्टच्या ट्रकवर हाच गेज लावणाऱ्यांनी बल्ब आधी बदलावा, नाहीतर पहिल्याच रात्री उडेल.