जपानी लष्करी तलवार: आधी मूठ उतरवा, मग बोला

इंदूर आणि महूच्या जुन्या लष्करी घरांत कपाटाच्या माथ्यावर किंवा ट्रंकेच्या तळाशी जपानी तलवार सापडणं तसं नवलाचं नाही. ब्रह्मदेशात, इम्फाळ-कोहिमात भारतीय पलटणी लढल्या, आणि शरणागतीनंतर सिंगापूरलाही पोचल्या. १९४५ च्या शरणागतीत जपानी अधिकाऱ्यांनी तलवारी खाली ठेवल्या, आणि त्यांतल्या कित्येक आठवण म्हणून इकडे आल्या. आता तिसऱ्या पिढीच्या हातात त्या पडताहेत, आणि प्रश्न ठरलेला असतो: ही खरी आहे का, आणि आहे तरी काय?

त्याचं उत्तर मुठीवर नसतं, म्यानावरही नसतं. आपल्याकडच्या तलवारीची मूठ लाख भरून पात्यावर कायमची बसवलेली असते, त्यामुळे आतलं शेपूट कोणी बघत नाही. जपानी अधिकाऱ्याची तलवार मुळातच उघडण्यासाठी बनवलेली असते. मुठीत शिरलेल्या पात्याच्या शेपटाला नाकागो म्हणतात. मूठ, गोल संरक्षक चकती, म्यान, गोंडा हे सगळं अदलाबदल करता येतं, आणि ऐंशी वर्षांत ते अनेकदा केलंही गेलंय. नाकागो बदलता येत नाही.

मूठ उतरवताना घाई नको. मुठीत आरपार गेलेली बांबूची खुंटी दिसेल, तिला मेकुगी म्हणतात. एक असते, कधी दोन. ती किंचित निमुळती असते, म्हणून बारीक टोकाकडून पितळी किंवा लाकडी दांडीने ढकलायची. लोखंडी खिळा वापरला की मुठीचं भोक फाटतं. मग मूठ डाव्या हातात, पातं वर, धार स्वतःपासून दूर, आणि उजव्या मुठीने डाव्या मनगटावर हलके ठोके. पातं सैल होऊन वर येतं. वर्षानुवर्षं न उघडलेली मूठ अडकून बसते. तेव्हा हातोडा काढू नका. कापड गुंडाळलेला लाकडी ठोकळा चकतीच्या पाठीवर ठेवून, दोन्ही बाजूंनी आळीपाळीने, थोडं थोडं. एकाच बाजूने ठोकलं तर आतलं लाकूड चिरतं आणि मूठ कायमची डुलते.

चकतीच्या (त्सुबाच्या) दोन्ही बाजूंना पातळ पितळी चकत्या निघतील, त्या सेप्पा. त्यांचा क्रम फोटो काढून ठेवा, उलटा झाला तर मूठ घट्ट बसत नाही. त्सुबा आणि सेप्पांवर बारीक आकडा ठोकलेला असेल आणि तो सगळ्यांवर एकच असेल, तर हा संच एकत्र बनला आणि एकत्रच राहिला. हे फार मोलाचं आहे. एक सेप्पा वेगळ्या आकड्याची निघाली तर तलवार खोटी ठरत नाही, पण मधे कोणीतरी हात घातलाय एवढं नक्की.

आता नाकागो. त्याचा गंज हा त्याचा दाखला आहे. खऱ्या नाकागोचा रंग बहुधा तपकिरी, पातं जितकं जुनं तितका काळ्याकडे झुकणारा, पृष्ठभाग एकसारखा, आणि कानशीचे तिरपे ओरखडे गंजाखालूनही ओळखू येतात. आम्लाने घडवलेला गंज नारिंगी-लाल, भुरभुरीत आणि ठिपक्याठिपक्यांचा असतो, बोटाला लागतो. ब्रासो, सँडपेपर, चिंच, लिंबू यांतलं काहीही नाकागोवर लावू नका. एकदा घासलं की वय सांगणारी खूण गेली आणि त्याबरोबर किंमतही. रंगाने लिहिलेले आकडे दिसले, पांढरे किंवा लाल, तर तेही पुसू नका. जुळणीच्या वेळच्या त्या खुणा आहेत.

एका बाजूला लोहाराचं नाव असेल, तर दुसऱ्या बाजूला बहुधा तारीख. तारीख वाचायला जपानी यायलाच पाहिजे असं नाही. दहा म्हणजे अधिकाचं चिन्ह, एक-दोन-तीन म्हणजे तेवढ्याच आडव्या रेघा, आठ म्हणजे खाली फाकलेल्या दोन तिरप्या रेघा. शोवा म्हणजे सम्राट हिरोहितोंचं युग; त्याच्या वर्षात १९२५ मिळवायचे. अधिक आणि त्याखाली आठ, म्हणजे शोवा १८, म्हणजे १९४३. नाव अस्पष्ट असेल तर नाकागो न घासता नुसती टाल्कम पावडर बोटाने फिरवा, कोरलेल्या रेघा पांढऱ्या उठतात. फोटो मात्र बाजूने येणाऱ्या उजेडात, कॅमेरा अगदी सरळ वर धरून.

शिक्के बघा. सेकी हे मध्य जपानमधलं पात्यांचं जुनं गाव. युद्धकाळात तिथे पाती घाऊक बनली आणि त्यांच्यावर तपासणीचा छोटा शिक्का पडायचा. सेकीचा किंवा शोवाचा शिक्का म्हणजे बहुधा कारखानी पोलाद, तापवून तेलात बुडवून कडक केलेलं पातं. कलावस्तू म्हणून ते कमी, पण अस्सल युद्धकालीन म्हणून पक्कं. पाच टोकांचा लहान तारा दिसला तर थांबा. लष्कराने मान्यता दिलेल्या, पारंपरिक पद्धतीने घडवणाऱ्या लोहारांच्या पात्यांवर तो येतो, आणि अशी तलवार वेगळ्या तोलाची. नांगराचा शिक्का नौदलाचा. दक्षिण मंचूरिया रेल्वेनेही पाती बनवली. त्यांच्या नाकागोवर लांब लेख असतो आणि त्यांना संग्राहकांत मागणी आहे.

नाकागोवर एकाहून जास्त भोकं दिसली तर पातं युद्धाच्या खूप आधीचं असू शकतं. घराण्याचं जुनं, लांब पातं कापून, छोटं करून, पुन्हा भोक पाडून लष्करी मुठीत बसवलेलं. अशा तलवारीला कोणीच हात लावू नये, जाणकाराला दाखवेपर्यंत.

पात्यावरची पांढुरकी लाट, हामोन, बल्बसमोर पाहायची. खोलीत अंधार, एकच बल्ब, टोक बल्बच्या दिशेने, पातं हळूहळू फिरवत. खरी लाट उजेडात खोलीतून उठल्यासारखी दिसते, दहापट भिंगाखाली तिच्यात बारीक कण दिसतात. आम्लाने काढलेली लाट सगळीकडे सारखीच मळकट पांढरी, काचेवर घासल्यासारखी. पात्यावर ड्रॅगन किंवा मोठमोठी अक्षरं यंत्राने कोरलेली असतील तर नक्कल जवळजवळ नक्कीच.

तलवारीचे नमुने ओळखणं सोपं आहे. १९३४ चा अधिकाऱ्यांचा नमुना म्यानाला दोन कड्यांवर लटकायचा, १९३८ चा एका कड्यावर. पण दुसरं कडं काढता येण्यासारखं होतं, म्हणून नुसती कडी मोजून साल ठरवू नका. नौदलाच्या म्यानाला दोन कडी, आणि म्यान बहुधा काळं, लाखेचं. मुठीच्या टोकावर चांदीचं छोटं घराण्याचं चिन्ह असेल तर ते मूळ मालकाचं. गोंडा मात्र पुरावा धरू नका. निळा-तपकिरी कॅप्टनपर्यंतच्या अधिकाऱ्यांचा, लाल-तपकिरी मेजर ते कर्नलचा, हे खरं आहे, पण तो एका मिनिटात बदलता येतो आणि विकणारे बदलतातही.

सगळ्यात जास्त नकला १९३५ च्या सार्जंट-हवालदारांच्या नमुन्याच्या येतात. खऱ्याची मूठ अ‍ॅल्युमिनियमची, ओतीव, वर दोरीचं नक्षीकाम उठावदार आणि रंगवलेलं. सुरुवातीच्या मुठी तांब्याच्या, युद्धाच्या शेवटच्या लाकडी. पात्याला नाली, म्हणजे लांबीभर गेलेली खाच, आणि पात्यावर मुठीजवळ ठोकलेला अनुक्रमांक. तोच आकडा धातूच्या म्यानावरही हवा. जुळला तर उत्तम, नाही जुळला तर म्यान दुसऱ्याचं. नकलेत आकडे उथळ, वाकडेतिकडे, एकाच साच्यातले. दोरीचं नक्षीकाम बोथट. नालीचं टोक खडबडीत संपतं. उलट, अधिकाऱ्यांच्या पात्यावर असा अनुक्रमांक ठोकलेला दिसला तर संशय घ्या.

शिकलगाराकडे धार लावायला देऊ नका. हे इथे वारंवार घडतं आणि मन खरंच खट्टू होतं. चाकावर फिरवलेल्या पात्याची धारेची पोलादी कड तापते, हामोन निघून जातो, टोकाजवळची रेघ गोल होते. जपानी पॉलिश एकाहून एक बारीक अशा अनेक दगडांवर, हाताने, पाणी लावत होतं. ते परत मिळवायचं म्हटलं तर तलवारीच्या किमतीपेक्षा जास्त खर्च येतो. तेव्हा गंज असला तरी राहू द्या.

इंदूरला जून ते सप्टेंबर ही खरी परीक्षा. चामड्याच्या वेष्टणात तलवार ठेवू नका. चामडं ओल धरतं आणि पात्यावर काळे डाग उमटतात. वेष्टण काढून वेगळं ठेवा. पात्याला शिलाई मशीनच्या तेलाचा अगदी पातळ हात, मऊ सुती कापडाने, पावसाळ्यात महिन्याला एकदा, एरवी तीन-चार महिन्यांनी. मोहरी, तीळ, खोबरेल नको, ती सुकून चिकट होतात. पात्याला उघड्या बोटाने हात लावला तर लगेच पुसा, घामाचा ठसा गंजतो. नाकागोला तेल देऊ नका.

परवाना हा विषय टाळू नका. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली नऊ इंचांहून लांब पात्याची शस्त्रं येतात, आणि कुठे काय लागू आहे ते कलेक्टर ऑफिसच्या शस्त्र शाखेत लेखी विचारून घ्यावं. तपासून घेण्यासाठी जपानला पाठवण्याचा विचार असेल तर आधी थांबा. कारखानी पात्यांना तिथे नोंदणी मिळत नाही आणि ती जप्त होऊ शकतात. पारंपरिक, हाताने घडवलेलं पातं असल्याची खात्री झाल्यावरच पुढचा विचार.

आणि म्यानाला कापडाची किंवा लाकडाची चिठ्ठी बांधलेली असेल, त्यावर शाईने जपानी अक्षरं असतील, तर ती सोडवू नका. शरण येताना अधिकाऱ्याने स्वतःचं नाव आणि तुकडी लिहून बांधलेली ती चिठ्ठी असते. दोन्ही बाजूंचा फोटो काढा, दोरा तसाच राहू द्या, आणि आजोबांच्या पलटणीचे कागद, पत्रं, फोटो जे काही घरात असेल ते त्याच ट्रंकेत तिच्याजवळ ठेवा.