पिवळी रेघ

कॉलेजमध्ये आम्ही विद्यार्थ्यांनी स्पर्धेसाठी बनवलेल्या रेसिंग कारच्या प्रत्येक महत्त्वाच्या बोल्टवर एक पिवळी रेघ असायची. टॉर्क रेंच, म्हणजे बोल्ट किती जोराने आवळायचा ते ठरवता येणारा पाना, ठरलेल्या आकड्यावर लावायचा, 'कट्' असा आवाज येईपर्यंत बोल्ट आवळायचा आणि मग पेंट मार्करने बोल्टच्या डोक्यावरून शेजारच्या धातूवर सरळ रेघ ओढायची. पुढे बोल्ट जरासा जरी फिरला, तरी रेघ तुटलेली दिसते. रेघ अखंड असली की तो बोल्ट पुन्हा कोणी तपासत बसत नाही. रेघ ओढणाऱ्याने दिलेला तो शब्द असतो.

तिसऱ्या वर्षी, स्पर्धेला नऊ दिवस उरले असताना, पहाटे चारच्या सुमारास मी ब्रेक कॅलिपरच्या, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाकाची डिस्क चिमटीत धरणाऱ्या भागांच्या, आठही बोल्टांवर रेघा ओढल्या. सकाळी ब्रेकची पहिली चाचणी होती. गाडी बाहेर काढण्याआधी एक ज्युनिअर सहज मागचं डावं चाक हाताने फिरवून बघत होता. कॅलिपर खडखडतोय असं त्याला वाटलं. त्याने हात घातला, तर बोल्ट दोन बोटांत फिरला. वर रेघ होती, माझ्या हातची.

मी आधी त्याच्यावरच चिडले. 'शक्यच नाही, मी स्वतः आवळलाय' असं म्हणाले, आणि मी खोटं बोलत नव्हते. त्या बोल्टचा 'कट्' ऐकल्याचं मला स्वच्छ आठवत होतं. आजही आठवतो. तो आवाज झालाच नव्हता, हे कळूनसुद्धा आठवतो. दहा मिनिटांनी त्या गाडीत आमची ड्रायव्हर बसणार होती, आणि तिला जोरात जाऊन पूर्ण ताकदीने ब्रेक दाबायला सांगितलेलं होतं.

या गोष्टीबद्दल मी इतकी वर्षं लिहिलं नाही. आता लिहिते आहे, कारण अशा प्रोजेक्टांबद्दल जे बोललं जातं ते एक तर 'आयुष्यातले सर्वात भारी दिवस' असं असतं, नाही तर 'वाट लागली' असं. माझ्या बाबतीत दोन्ही खरं होतं, तेही एकाच वेळी.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. फॉर्म्युला एसएई ही विद्यार्थ्यांची स्पर्धा १९८१ साली अमेरिकेत ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात सुरू झाली, आणि आता त्याच धर्तीच्या स्पर्धा जगभर होतात. एका सीटची छोटी रेसिंग कार विद्यार्थ्यांनीच डिझाइन करायची, बनवायची आणि चालवायची. पेट्रोल इंजिन जास्तीत जास्त ७१० सीसीचं, आणि त्याला मिळणारी सगळी हवा २० मिलीमीटरच्या एका भोकातून गेली पाहिजे. ट्रॅकवर जाण्याआधी गाडी ६० अंशांत कलवतात. तेव्हा एक थेंब गळता कामा नये. ब्रेक दाबल्यावर चारही चाकं लॉक झाली, म्हणजे फिरायची पूर्ण थांबली पाहिजेत. ड्रायव्हरला ५ सेकंदांत गाडीबाहेर पडता आलं पाहिजे. एकूण १००० गुण असतात, त्यातले २७५ एकट्या एन्ड्युरन्सचे, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरच्या शर्यतीचे. बऱ्याच गाड्या ती पूर्णच करत नाहीत.

माझ्याकडे सस्पेन्शन आणि ब्रेक होते. टीम पंचवीस जणांची.

असे प्रोजेक्ट माणसाला खातात ते कशामुळे, यावर मी पुष्कळ विचार केलाय. नुसतं काम जास्त असतं म्हणून नाही. स्पर्धेची तारीख हलत नाही, पण त्याआधीची प्रत्येक तारीख हलते. फ्रेमचं वेल्डिंग होईपर्यंत सस्पेन्शन बसवता येत नाही. वेल्डिंगच्या उष्णतेने पाइप ओढले जातात. आमची फ्रेम जिगवरून, म्हणजे वेल्डिंग करताना पाइप जागेवर धरणाऱ्या साच्यावरून, काढली तेव्हा मागचे दोन माउंट (भाग जोडायच्या जागा) ठरल्या जागेपासून चार मिलीमीटर सरकलेले होते. ते कापून पुन्हा लावण्यात आठवडा गेला. मग ब्रेक लाइन उशिरा, वायरिंग त्याहून उशिरा. प्रत्येकाचा उशीर घरंगळत शेवटच्या तीन आठवड्यांत येऊन साठतो. आणि त्या तीन आठवड्यांत काय उरलेलं असतं? ब्रेक, स्टिअरिंग, बोल्ट. ज्याच्यावर माणसाचा जीव अवलंबून आहे ते सगळं काम सर्वात दमलेल्या हातांच्या वाट्याला येतं. कोणी ठरवून केलेलं नसतं, पण दर वर्षी होतं.

सवयी मात्र त्याच्या कितीतरी आधी बदललेल्या होत्या. पहिली गेली ती झोपायची ठरलेली वेळ. मग सकाळचं पळणं. मग बसून जेवणं. महिनोन्महिने मी एका हातात फोन किंवा ड्रॉइंग घेऊनच जेवले. मग आईशी बोलणं. तिचा फोन रोज रात्री नऊला यायचा आणि मी रोज म्हणायचे, "अगं, ग्राइंडर चालू आहे, नंतर करते." नंतर केलाच नाही. पुढे पुढे ती फोन लावण्याऐवजी मेसेज करायला लागली. 'झोपलीस का?' एवढाच. तो मी सकाळी वाचायचे. दोन महिने पाळी आली नाही. त्याचाही मी विचार केला नाही, उलट एक कटकट कमी झाली असं वाटलं. हे लिहिताना मला अजून वाईट वाटतं. माझं शरीर मला काहीतरी सांगत होतं आणि मी ते सोय म्हणून स्वीकारलं.

झोपेबद्दल तर आमच्याकडे एक वेगळंच गणित तयार झालं होतं. 'किती नाइट मारल्या?' हा प्रश्न म्हणजे निष्ठेची मोजणी होती. सलग तीन मारणाऱ्याचं ऐकलं जायचं. आमच्यातला एक जण मात्र कितीही काम असलं तरी साडेनऊला निघायचा. तो ब्रेक पेडलची असेंब्ली बघत होता. तो निघाला की मी घड्याळाकडे बघायचे, त्याला दिसेल असं. हळूहळू मी त्याला नवीन कामं देणंच बंद केलं. पूर्ण गाडीत जे थोडे भाग एकदाही पुन्हा करावे लागले नाहीत, त्यात त्याची पेडल असेंब्ली होती. स्पर्धा संपल्यावर भागांची यादी चाळताना हे माझ्या लक्षात आलं. मी त्याची माफी मागितली, पण एक वर्ष उशिरा.

त्या बोल्टनंतर मी झोपेवर जे मिळेल ते वाचलं. १९९७ साली 'नेचर'मध्ये ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांचा एक छोटा लेख आला होता. सलग १७ तास जागं असलेल्या माणसाची कामातली अचूकता रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतकी घसरते, असं त्यांना दिसलं. अनेक देशांत एवढ्या दारूवर गाडी चालवणं गुन्हा आहे. त्या पहाटे मी २२ तास जागी होते. गाडी चालवत नव्हते, गाडीचे ब्रेक लावत होते.

पण मला जास्त हलवलं ते २००३ सालच्या एका अमेरिकन प्रयोगाने. ४८ निरोगी माणसांना गटांत विभागून बहुतेकांना सलग १४ दिवस रोज ठरावीक तासच झोपू दिलं, आणि एका गटाला सलग तीन रात्री अजिबात झोपू दिलं नाही. रोज ६ तास किंवा त्याहून कमी झोपणाऱ्यांची अवस्था शेवटी एक ते दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसांसारखी झाली होती. आणि त्यांना स्वतःला मात्र ती घसरण फारशी जाणवत नव्हती. थोडी झोप येतेय, पण ठीक आहे, असं ते सांगत राहिले.

हे वाचून मी लॅपटॉप मिटला. 'मी ठीक आहे' हे वाक्य मी त्या वर्षात किती वेळा म्हटलं असेल! सेन्सर बिघडला की त्याचं रीडिंग धरायचं नसतं, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवलेलं. थकवा मोजणारा सेन्सर म्हणजे आपलाच मेंदू, आणि झोप कमी पडली की सगळ्यात आधी तोच बिघडतो. मग इच्छाशक्ती कितीही असो, ती चुकीच्या रीडिंगवर काम करते. कॉफीनेही हे बदलत नाही. झोपेचा दाब वाढवणारं अ‍ॅडेनोसिन मेंदूत जिथे चिकटतं, त्या जागा कॅफिन अडवून धरतं. दाब तसाच राहतो, फक्त कळेनासा होतो.

स्पर्धेत आमच्या गाडीने सगळ्या तपासण्या पार केल्या. चारही चाकं पहिल्याच प्रयत्नात लॉक झाली. एन्ड्युरन्समध्ये अर्ध्यावर ड्रायव्हर बदलतात, त्यासाठी इंजिन बंद करावं लागतं. आमचं तापलेलं इंजिन नंतर सुरूच झालं नाही. वेळ संपली, झेंडा दाखवला, गाडी ढकलत बाहेर आणली. बाकीचे एकमेकांच्या गळ्यात पडून रडत होते. मला काहीच वाटलं नाही. दुःख नाही, राग नाही, सुटल्याचा आनंदही नाही. मी एका टायरवर बसले आणि माझी बोटं बघत राहिले. त्या वेळी मला वाटलं मी कणखर आहे. ते रिकामेपण होतं, हे कळायला पुढचे दोन महिने जावे लागले.

कारण आता झोपायला वेळ होता आणि झोप येत नव्हती. रोज पहाटे तीनला जाग यायची आणि काहीतरी राहिलंय असं वाटायचं. सुटीत घरी असताना एका रात्री मी उठून दाराची कडी, गॅस, नळ सगळं तपासलं, मग पुन्हा अंथरुणात पडले आणि पुन्हा उठले. आई जागी झाली. तिने काही विचारलं नाही. माझ्याबरोबर एकेक नळ बघत घरभर फिरली आणि म्हणाली, "सगळं बंद आहे. मी पण बघितलं. झोप आता." त्या रात्री मी सकाळी नऊपर्यंत झोपले.

गाडी उभी करायला आम्हाला अकरा महिने लागले. त्या अकरा महिन्यांच्या सवयी उतरवायला मला त्याहून जास्त लागले. लंडनमध्ये ९६ जणांवर झालेला सवयींचा एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. एखादी नवी गोष्ट आपोआप घडू लागायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८, तर काहींसाठी २५४ पर्यंतचा अंदाज निघाला. मला त्यातली दुसरी गोष्ट उपयोगी पडली. एखादा दिवस चुकला, तर त्याने फारसं बिघडत नव्हतं. तोवर मी झोपेचंही प्रोजेक्टसारखं करत होते. एक दिवस उशीर झाला की सगळं फसलं म्हणून सोडून देत होते. मग मी फक्त एकच धरलं, सकाळी उठायची वेळ. बाकी सावकाश आलं. पळणं तर दीड वर्षांनी.

तरीही ते वर्ष मी कुणाला परत देणार नाही. धातू कुठे ताणला जातोय हे मला हाताला कळतं ते त्या वर्कशॉपमुळे. ज्यांना मी आज मध्यरात्री फोन करू शकते, अशी माणसं तिथलीच आहेत. तो खडखडाट ऐकणारा ज्युनिअर तर दर वाढदिवसाला मला एक पेंट मार्कर पाठवतो. मला राग आहे तो एवढ्याचाच, की एका बोल्टसाठी आमच्याकडे ग्रेड होता, टॉर्कचा आकडा होता, खूण होती, आणि तो आवळणाऱ्या माणसासाठी काहीही नव्हतं.

आता नोकरी सांभाळून मी एका टीमला मदत करते. पहिल्याच बैठकीत मी त्यांना माझ्या रेघेची गोष्ट सांगितली, सगळी. मग आम्ही मिळून काही गोष्टी ठरवल्या. रात्री दहानंतर ब्रेक, स्टिअरिंग आणि सस्पेन्शनला हात लावायचा नाही. रिपोर्ट लिहा, झाडलोट करा, नाही तर घरी जा. पिवळ्या रेघेशेजारी दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्याच माणसाने तपासून निळी रेघ ओढायची, आणि दोन्ही रेघा असल्याशिवाय गाडी हलवायची नाही. डिझाइन गोठवायची तारीख, म्हणजे जिच्यानंतर डिझाइनमध्ये बदल करायचे नाहीत ती, सहा आठवड्यांनी अलीकडे आणली. त्यावर सर्वात जास्त वाद झाला, कारण वजन अजून दोन किलोने कमी करता येईल असं प्रत्येक वर्षी कुणाला तरी दिसतंच. आणि वर्कशॉपच्या दाराशी एक फळा लावला. आत येताना आपलं नाव आणि आज किती वाजता उठलो ती वेळ लिहायची. बस, एवढंच. कोणी काही विचारत नाही.

सुरुवातीला मुलं वेळ खोटी लिहीत. सहाला उठलेला नऊ लिहायचा. त्यावर मी काही बोलले नाही. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून आकडे खरे वाटायला लागले, कारण फळ्याकडे बघून एकमेकांची कामं बदलून घ्यायला त्यांनीच सुरुवात केली होती.

मागच्या महिन्यात ब्रेक बसवणं चालू होतं. सस्पेन्शन बघणारी मुलगी गुडघ्यावर बसून कॅलिपर लावत होती. सहा बोल्ट झाले होते, सहा पिवळ्या रेघा. रात्रीचे साडेनऊ, म्हणजे दहाला अजून अर्धा तास होता. दोन बोल्टांना फार तर दहा मिनिटं लागली असती, आणि खरं सांगायचं तर माझ्याही मनात आलं की होऊन जाऊ दे. ती थांबली, मान वळवून फळ्याकडे बघितलं, बोटांवर काहीतरी मोजलं.

"ताई, मी साडेचारला उठलेय आज. सतरा तास झाले. हे दोन राहू देत."

"राहू देत," मी म्हणाले.

तिने टॉर्क रेंचचा आकडा सर्वात खाली आणून तो माझ्या हातात दिला. मी तो खोक्यात ठेवला. दिवे घालवताना मागच्या चाकाजवळ ते दोन बोल्ट दिसत होते, रेघेशिवाय.