डॅनव्हिलची नटमंडळी

शिकागोहून दक्षिणेला निघालेला रस्ता साधारण अडीच तासांनी इलिनॉय आणि इंडियाना या राज्यांच्या सीमेजवळ पोहोचतो, तेथे डॅनव्हिल नावाचे गाव लागते. २०२०च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या २९ हजारांच्या थोडी वर भरली. १९७० साली ती ४२ हजारांहून अधिक होती. सहल कंपन्यांच्या पत्रकांत या गावाचे नाव नसते आणि ते असावे असे तेथे, वरवर पाहता, फारसे काही नाहीही. तरीही मी वाट वाकडी करून तेथे गेले, कारण गायक-पियानोवादक बॉबी शॉर्ट, नाचणारा नट डॉनल्ड ओ'कॉनर, विनोदी नट डिक व्हॅन डाइक, चित्रपट-नट जीन हॅकमन आणि डिकचा धाकटा भाऊ, नट जेरी, या पाचही जणांचा या एकाच गावाशी संबंध आहे, आणि हे पाचही जण १९२४ ते १९३१ या अवघ्या सात वर्षांत जन्मलेले आहेत. एवढ्याशा गावातून एका पिढीत इतकी नटमंडळी बाहेर पडते, तेव्हा ते गाव स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे असे वाटणे स्वाभाविक आहे.

माझा मुक्काम भाचीकडे होता. ती अर्बाना-शॅम्पेनच्या विद्यापीठात शिकते आणि तेथून डॅनव्हिल पूर्वेला जेमतेम ५५ किलोमीटर आहे. "मावशी, सगळे इथून शिकागोला जातात, तू उलट्या दिशेला कुठे निघालीस?" असे तिने विचारले खरे, पण गाडी तिनेच चालवली. महामार्ग क्रमांक ७४ सरळ रेघेसारखा जातो. सप्टेंबर सरत आलेला असल्यामुळे दोन्ही बाजूंचा मका वाळून पिवळा पडला होता, सोयाबीनची काढणी सुरू झाली होती, आणि क्षितिजापर्यंत धान्याच्या कोठारांखेरीज उंच असे काही दिसत नव्हते. डॅनव्हिल जवळ आल्यावर मात्र ही सपाटी अचानक मोडते. व्हर्मिलियन नदीने कोरलेल्या दऱ्या, दाट झाडी आणि त्या झाडीत लहानलहान तळी दिसू लागतात. ही तळी नैसर्गिक नव्हेत. हा सगळा कोळशाचा मुलूख होता. वरची माती खरवडून कोळसा काढण्याची पद्धत अमेरिकेत ज्या भागांत अगदी आरंभी सुरू झाली त्यांपैकी हा एक भाग होय, आणि खाणी संपल्यावर उरलेल्या खड्ड्यांत पाणी साचून आजचे किकापू उद्यान तयार झाले. लोक तेथे होड्या वल्हवतात आणि गळ टाकून बसतात.

हा कोळसा लक्षात ठेवला पाहिजे, कारण नटांची गोष्ट त्याच्याशी जोडलेली आहे. कोळशामुळे रेल्वे आली, रेल्वेमुळे कारखाने आले, आणि दर आठवड्याला रोख पगार घेणारा मोठा कामगारवर्ग गावात जमला. अशा वर्गाला संध्याकाळी करमणूक हवी असते. शिकागोहून निघालेल्या फिरत्या मंडळ्यांना पुढच्या मुक्कामाला जाताना डॅनव्हिल वाटेवर पडत असे. नाच, गाणी, विनोद, कसरती आणि जादू यांचे तुकडे एकामागून एक सादर करणारा व्होडव्हिल हा प्रकार त्या काळी जोरात होता, आणि अशा गावांच्या रंगमंचांवरच तो पोसला गेला.

गावच्या मधोमध नॉर्थ व्हर्मिलियन रस्त्यावर फिशर नाट्यगृह उभे आहे. १८८४ साली ते ग्रँड ऑपेरा हाउस या नावाने सुरू झाले, विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात त्याचे रूप आणि नाव बदलले, पुढे बोलपट आल्यावर तेथे बोलपट दाखवले जाऊ लागले. नंतर ते कित्येक वर्षे बंद पडून होते. स्थानिक लोकांनी चिकाटीने पैसा उभा करून त्याची डागडुजी केली आणि २०१९ साली ते पुन्हा उघडले. आम्ही गेलो तेव्हा खेळ नव्हता, त्यामुळे आम्ही ते बाहेरूनच पाहिले. रस्ता रुंद, इमारती लाल विटांच्या, दोन-तीन मजली. काही दुकाने उघडी, पण पुष्कळशा काचांमागे काळोख आणि भाड्याने देणे असल्याच्या पाट्या. जनरल मोटर्सचा ओतकामाचा कारखाना १९९५ साली बंद झाला, त्याआधी खाणी आणि रेल्वेची कामे आटत गेलीच होती. अशा रस्त्यावर एक दुरुस्त केलेले नाट्यगृह दिमाखात उभे असलेले पाहून मला कौतुक वाटले आणि थोडी काळजीही वाटली, कारण नाट्यगृह उघडणे सोपे आणि भरणे कठीण, हे आपल्याकडच्या कोणत्याही नाट्यनिर्मात्याला विचारावे.

नटांना जन्म देणारे गाव म्हणून डॅनव्हिलचे कौतुक होते, त्यात थोडी सवलत घेतलेली आहे. जेरी व्हॅन डाइक आणि बॉबी शॉर्ट डॅनव्हिललाच जन्मले हे खरे. पण डिकचा जन्म मिसुरीतल्या वेस्ट प्लेन्सचा, हॅकमनचा कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनोचा आणि ओ'कॉनरचा शिकागोचा. उलट, पक्की डॅनव्हिलची म्हणावी अशी हेलन मॉर्गन, जी १९०० साली येथे जन्मली, न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवर 'शो बोट' या संगीत नाटकातल्या ज्युलीच्या भूमिकेने गाजली, बोलपटांतही चमकली आणि १९४१ साली अकाली गेली, तिचे नाव आज फारसे कोणी घेत नाही. गावाने कोणाला आपले म्हणायचे हे जन्मदाखल्यावर ठरत नाही. नंतरची पिढी दूरचित्रवाणीवर दर आठवड्याला कोणाला पाहत होती, यावर ते अधिक ठरते.

ओ'कॉनरचेच पाहा. त्याचे आईवडील सर्कसमधून व्होडव्हिलमध्ये आलेले. पोरे चालायला लागली की रंगमंचावर चढवायची, असे ते घराणे. डॉनल्ड अगदी लहान असताना त्याची बहीण मोटारीखाली सापडून गेली आणि काही आठवड्यांतच वडील रंगमंचावर नाचतानाच हृदयविकाराने कोसळले. तरी खेळ चालूच राहिले, कारण खेळ थांबले तर खाणार काय? बारा महिने दौऱ्यावर असलेल्या या कुटुंबाला आपले म्हणण्याजोगे जे गाव होते, ते डॅनव्हिल. आदल्या रात्री भाचीला मी 'सिंगिंग इन द रेन' या १९५२च्या चित्रपटातला त्याचा एकट्याचा तो प्रसिद्ध तुकडा दाखवला होता. कोचावर पडलेल्या कापडी बाहुल्याशी तो झोंबाझोंबी करतो, आपटतो, लोळतो, मग धावत जाऊन भिंतीवर दोन पावले चढतो आणि मागे कोलांटी मारून खाली उतरतो. दुसऱ्या भिंतीवरही तेच. तिसऱ्या वेळी भिंतच फाटते आणि तो आरपार जातो. हे कोणत्याही अभिनयशाळेत शिकवले जात नाही. भिंतीवर पाय टाकण्याचा तो आत्मविश्वास सर्कसच्या घराण्यातून आलेला आहे, आणि मोडक्या रंगमंचावर दिवसाला चार-चार खेळ केल्याशिवाय तो अंगात मुरत नाही, असे माझे मत आहे.

डिक व्हॅन डाइकचा मार्ग वेगळा. वडील फिरते विक्रेते, आई लघुलेखिका, घरात धार्मिक वातावरण. धर्मोपदेशक व्हावे असे त्याच्या मनात होते, पण डॅनव्हिलच्या शाळेतल्या नाट्यमंडळाने त्याचे मन फिरवले. याच शाळेत बॉबी शॉर्टही होता. १९४४ साली शेवटच्या वर्षाला असताना डिक शाळा सोडून हवाई दलात जायला निघाला. वजन कमी म्हणून त्याला एकदा नव्हे, अनेकदा परत पाठवले, आणि अखेर घेतले तेव्हा वैमानिक होण्याऐवजी तो सैनिकांची करमणूक करणाऱ्या विभागात आणि रेडिओवर निवेदक म्हणून रमला. युद्ध संपल्यावर तो गावी परतून डब्ल्यूडीएएन या स्थानिक रेडिओ केंद्रावर बोलू लागला. शाळेचे राहून गेलेले प्रमाणपत्र त्याला २००४ साली मिळाले, म्हणजे 'मेरी पॉपिन्स' या त्याच्या गाजलेल्या चित्रपटानंतर चाळीस वर्षांनी!

१९६१ ते १९६६ या काळात चाललेल्या त्याच्या 'द डिक व्हॅन डाइक शो' या मालिकेत त्याने रंगवलेला रॉब पेट्री हा लेखक न्यूयॉर्कजवळ राहतो, पण त्याचे मूळ गाव डॅनव्हिल, इलिनॉय असेच सांगितलेले आहे. झोपेत चालणाऱ्या भावाची भूमिका जेरीला देऊन सख्ख्या भावांना मालिकेतही सख्खे भाऊ केले. मालिकेच्या आरंभी रॉब घरात शिरतो आणि पायाखालच्या बैठ्या तिवईला अडखळून पालथा पडतो, ते दृश्य अमेरिकेत घरोघरी पाठ आहे. एका सडपातळ, लांब हातापायांच्या, सभ्य माणसाची फजिती, हे डिकचे भांडवल. 'मेरी पॉपिन्स'मध्ये मात्र त्याला लंडनच्या कामकरी वस्तीची बोली बोलायला लावली आणि ती इतकी फसली की २०१७ साली बाफ्टा या ब्रिटिश चित्रपट अकादमीकडून सन्मान जाहीर झाल्यावर त्याने तिच्याबद्दल हसत हसत माफी मागितली. गंमत अशी की डॅनव्हिलच्या मंडळींत ज्याच्या घरात खरोखर इंग्लंडमध्ये जन्मलेली आजी होती तो डिक नव्हता, हॅकमन होता.

हॅकमनसाठीच मी खरी आले होते. 'सुपरमॅन'मधला लेक्स लुथर म्हणून आपल्याकडच्या माझ्या पिढीने त्याला पाहिले. 'फ्रेंच कनेक्शन' आणि 'अनफर्गिव्हन' या चित्रपटांसाठी ऑस्कर मिळवणारा नट पुढे कळला. वडिलांचे कॅलिफोर्नियात बस्तान बसले नाही म्हणून कुटुंब फिरत फिरत डॅनव्हिलला आजीच्या घरी येऊन राहिले. वडील 'कमर्शियल-न्यूज' या गावच्या दैनिकात छपाईचे यंत्र चालवीत. जीन तेरा वर्षांचा असताना एके दिवशी तो रस्त्यावर खेळत होता, वडील मोटारीतून समोरून गेले, जाताना त्यांनी नुसता हात हलवला, आणि ते कायमचे निघून गेले. एवढ्याशा हालचालीत किती मावू शकते ते आपल्याला तेव्हा उमगले आणि कदाचित त्यामुळेच आपण नट झालो, अशा आशयाचे तो पुढे मुलाखतीत बोलला आहे. ती गल्ली कोणती, हे शोधण्याचा मोह मी टाळला. गावातल्या निवासी रस्त्यांवर आम्ही थोडे फिरलो: लाकडी घरे, समोर ओटा, झोपाळा, झाडांखाली ओळीने उभ्या गाड्या. त्यातल्या कोणत्याही रस्त्यावर ते घडू शकले असते.

सोळाव्या वर्षी वय खोटे सांगून हॅकमन नौदलाच्या पायदळात गेला. परतल्यावर माजी सैनिकांसाठीच्या सवलतीतून त्याने काही काळ पत्रकारिता आणि दूरचित्रवाणी निर्मितीचे शिक्षण घेतले, ते माझी भाची शिकते त्याच विद्यापीठात. तिला हे माहीत नव्हते. १९८६ सालच्या 'हूजियर्स'मध्ये तो इंडियानातल्या खेड्यात बास्केटबॉलचा प्रशिक्षक म्हणून येतो. ते रस्ते, ती मक्याची शेते आणि परक्याला जोखणारे ते लोक त्याला परके नव्हतेच, कारण इंडियानाची हद्द डॅनव्हिलच्या कडेलाच आहे. त्या चित्रपटात तो ज्या सहजतेने खिशात हात घालून गावकऱ्यांसमोर उभा राहतो, त्या सहजतेत मला हे गाव दिसते. फेब्रुवारी २०२५ मध्ये तो गेला.

बॉबी शॉर्टची गोष्ट या गावाच्या दुसऱ्या बाजूची आहे. कृष्णवर्णीय कुटुंब, दहा भावंडांतला तो नववा, वडील केंटकीत कोळशाच्या खाणीत. ऐकून ऐकून पियानो शिकलेला हा मुलगा दहा वर्षांचा होण्याच्या सुमारास रस्त्याकडेच्या गुत्त्यांतून वाजवीत होता, आणि त्यानंतर लवकरच शिकागोला व्होडव्हिलमध्ये दाखल झाला. पुढे परत येऊन त्याने शाळा पुरी केली. १९६८ पासून पस्तीसहून अधिक वर्षे न्यूयॉर्कच्या कॅफे कार्लाइलमध्ये उंची पोशाखातल्या श्रोत्यांपुढे तो गात राहिला, आणि 'हॅना अँड हर सिस्टर्स' या चित्रपटात तो स्वतः बॉबी शॉर्ट म्हणूनच दिसतो.

या सर्वांचे एकत्र कारण काय, असा प्रश्न मी तेथील संग्रहालयात एका वयस्कर स्वयंसेविकेला विचारला. "पाण्यातच काहीतरी असेल," असे ठरलेले उत्तर देऊन त्या हसल्या. शाळा, रेल्वे आणि नाट्यगृह ही उत्तरे मलाही सुचतात, पण रेल्वे आणि नाट्यगृह तर मध्य-पश्चिमेतल्या शेकडो गावांत होते. ओ'कॉनर आणि शॉर्ट यांना व्होडव्हिलने घडवले, डिकला शाळेने आणि रेडिओने, तर हॅकमनला यांपैकी कशानेच नाही. एकच गोष्ट पाचही जणांना लागू पडते. ही मुले कलावंत म्हणून नावारूपाला येण्याआधी याच गावात प्रेक्षक होती, आणि हाताच्या अंतरावर कोणी ना कोणी नाचताना, पडताना, गाताना पाहण्याची सोय त्यांना गावातच होती.

संग्रहालय म्हणजे लिंकन यांचे स्नेही डॉक्टर विल्यम फिथियन यांचे १८५५ सालचे घर. १८५८च्या निवडणुकीत येथे उतरलेले लिंकन बूट काढून विसावले होते, बाहेर लोक जमले, तेव्हा बूट घालण्यात वेळ न दवडता ते नुसत्या मोज्यांवर सज्जात जाऊन बोलले, असे येथे आवर्जून सांगतात. भाची म्हणाली, "म्हणजे इथला पहिला नट हाच की!"

कोणाला जायचे असेल तर शॅम्पेनहून गाडी घेऊन सकाळी निघावे, आधी संग्रहालय पाहावे, दुपारी किकापूच्या तळ्यांकाठी डबा खावा, आणि फिशरमध्ये खेळ असेल असाच दिवस निवडावा. तिकीट आधी काढावे. परतीच्या वाटेवर गाडीच्या रेडिओवर एएमचा १४९० हा आकडा लावावा. ते डब्ल्यूडीएएन आहे. आम्ही लावला, तेव्हा बातम्या चालू होत्या, आणि निवेदकाचा आवाज बरा होता.