पंप कोणता घेतलात?

पिकअपच्या हौद्यावर मी स्वतः बांधलेली खोली जे कोणी आतून बघतात, ते आधी नळ सोडून बघतात. पाणी येतं, चेहरा खुलतो आणि पुढचा प्रश्न ठरलेला: पंप कोणता घेतलात? त्याच्या पाठोपाठ दुसरा: हे सगळं घरच्या घरी जमतं का?

तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर सांगते. जमतं. पण पंपाचं उत्तर मी मुद्दाम शेवटासाठी ठेवते, कारण या सगळ्या कामात पंप ही सर्वांत सोपी वस्तू आहे. तो विकत मिळतो, चार स्क्रूंवर बसतो, बिघडला तर काढून दुसरा लावता येतो. टाकीची जागा आणि हवेच्या वाटा या दोन गोष्टी मात्र एकदा कपाटं ठोकून झाली की हलत नाहीत. म्हणून डोकं तिथे घालवायचं.

आधी वजन. एक लिटर पाणी एक किलो, हे शाळेत सगळेच शिकतो आणि टाकी विकत घेताना सगळेच विसरतो. 80 लिटरची टाकी भरली की एक जाडजूड पाहुणा गाडीत येऊन बसला असं समजा. फरक इतकाच की ब्रेक मारला की हा पाहुणा पुढे धावतो आणि वळणावर बाहेरच्या अंगाला कलंडतो. ट्रकची वजन वाहण्याची जी मर्यादा असते, तिच्यातच खोली, माणसं, बॅटऱ्या, गॅस, भांडीकुंडी आणि पाणी हे सगळं बसवायचं असतं. सामान भरून, टाकी काठोकाठ भरून गाडी एकदा वजनकाट्यावर न्यावी. पुढच्या आणि मागच्या आसावर किती भार येतो, हे वेगवेगळं मोजता आलं तर फारच उत्तम.

टाकी शक्य तितकी खाली आणि मागच्या आसाच्या जरा पुढे हवी. पार मागच्या दाराशी ठेवली, तर ती आसाच्या मागे लोंबते, पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग हातात सैल सैल लागायला लागतं. रुंदीच्या हिशेबाने ती मधोमध असावी. ‘एका बाजूला बॅटऱ्या, दुसऱ्या बाजूला टाकी, झाला तोल’ असं बरेच जण म्हणतात. पण बॅटऱ्यांचं वजन कायम तेवढंच राहतं आणि टाकी रोज रिकामी होत जाते, तेव्हा हा तोल पहिल्या संध्याकाळपर्यंतच टिकतो. अर्धी भरलेली टाकी सर्वांत जास्त हिंदकळते. आत आडव्या भिंती असलेली टाकी मिळाली तर घ्यावी, नाहीतर एका मोठीऐवजी दोन लहान जोडाव्यात. आणि टाकीचे पट्टे प्लायवूडला नव्हे, हौद्याच्या लोखंडाला बांधायचे. जोरात ब्रेक लागला की प्लायवूडमधले स्क्रू सरळ उपटून येतात.

किती लिटरची घ्यायची? रिकाम्या जागेत जेवढी बसेल तेवढी, हे उत्तर चुकीचं. तुम्ही पाणी वापरता कसं, त्यावरून ठरवा. मिनिटाला 4 लिटर सोडणाऱ्या शॉवरखाली दोन मिनिटं उभं राहिलं की 8 लिटर गेले. तोच शॉवर मिनिटाला 10 लिटरचा असेल, तर तेवढ्याच वेळात 20. अंघोळ बाहेर कुठेतरी होणार असेल आणि मुक्काम एक-दोन रात्रींचेच असतील, तर मी सरळ सांगते: 20 लिटरचा कॅन, त्यात सोडलेली नळी आणि पायाने दाबायचा पंप. वायर नाही, फ्यूज नाही आणि पाय थांबला की पाणीही थांबतं. हे ऐकून अनेकांचा हिरमोड होतो, कारण त्यांना ‘सिस्टिम’ हवी असते. असो.

आता हवा. पाण्याची व्यवस्था म्हणून जे काही आपण बसवतो, त्यातला निम्मा भाग खरं तर हवेची व्यवस्था असते. जिथे पाणी जाणार तिथली हवा बाहेर पडायला हवी, आणि जिथून पाणी निघणार तिथे हवा आत यायला हवी. घरात हे आपल्याला जाणवत नाही, कारण तिथे टाकी गच्चीवर असते आणि तिचं झाकण सैल असतं. इथे सगळं बंद पेटीत असतं.

टाकीला भरण्याचं तोंड असतं, साधारण 38 मिलिमीटरच्या जाड नळीचं. त्याशिवाय हवेसाठी एक बारीक नळी लागते. ती नसली तर काय होतं ते बघण्यासारखं आहे: होजपाइप तोंडात घालून नळ सोडला की दोन-चार लिटर निमूट आत जातात, मग आतून गुडगुड ऐकू येते आणि पाणी उसळून थेट तुमच्या बाहीवर. अडकलेली हवा ज्या तोंडातून पाणी येतंय त्याच तोंडातून बाहेर पडायला बघते. उलट, पंप पाणी ओढायला लागला की टाकीच्या भिंती आत ओढल्या जातात आणि पंप कण्हायला लागतो. म्हणून हवेची नळी टाकीच्या माथ्यावरून निघून आणखी वर जावी, तिथे एक वळसा घ्यावा आणि मग तोंड खाली करून भिंतीबाहेर पडावी. वळसा नसला तर चढावर किंवा ब्रेक मारल्यावर पाणी त्या वाटेने बाहेर येतं. तोंडावर बारीक जाळी लावा; कोळ्यांना अशा नळ्या फार आवडतात.

दुसरी जागा पंपाच्या ओढीकडची, म्हणजे टाकीपासून पंपापर्यंतची. इथली गळती डोळ्यांना दिसत नाही. पंपाच्या पुढच्या बाजूला सांधा सैल असेल तर पाणी ठिबकतं आणि कळतं. मागच्या बाजूला सैल असेल तर पाणी बाहेर येत नाही, हवा आत जाते. नळ थुंकल्यासारखा फुरफुरतो, पंप चालूच राहतो, आणि आपण पंपाला शिव्या देत बसतो. पंपाआधी एक गाळणी बसवतात, टाकी कापताना राहिलेला प्लास्टिकचा कीस पंपाच्या आत हलून पाणी ढकलणाऱ्या रबरी पडद्यात जाऊ नये म्हणून. तिची वाटी पारदर्शक असते. नळ सोडून तिच्यात टॉर्च मारा. बुडबुड्यांची माळ धावताना दिसली की टाकीकडचा एखादा क्लॅम्प सैल आहे, नाहीतर त्या वाटीचंच रबर नीट बसलेलं नाही, हे समजावं. टाकीत पाणी असूनही हे होतं, म्हणून गोंधळ उडतो.

तिसरी हवा आपण मुद्दाम ठेवतो. विजेवर चालणाऱ्या या पंपांना दाबावर चालणारा स्विच असतो. नळ उघडला की दाब उतरतो, पंप सुरू. नळ बंद केला की दाब साधारण 2.8 बारपर्यंत (बार हे दाबाचं एकक) चढतो, पंप बंद. नळ किंचितच उघडा ठेवला, दात घासताना ठेवतो तसा, तर पंप चालू-बंद-चालू-बंद अशी टर्र-टर्र लावतो. रात्री शेजारी झोपलेल्या माणसाला तो आवाज काय वाटतो, ते त्यालाच विचारा. यावर उपाय म्हणजे पंपाच्या पुढे बसणारी दाबाची छोटी टाकी. आत रबराचा पडदा, एका बाजूला पाणी, दुसरीकडे हवा. थोडंसं पाणी लागलं तर ती हवाच ते ढकलते, पंपाला उठावं लागत नाही. तिच्यात हवा भरायला सायकलचा पंप चालतो. पण भरताना आणि मोजताना पाण्याच्या पंपाचा स्विच बंद आणि नळ उघडा हवा. नाहीतर मीटरवर जो आकडा दिसतो तो हवेचा नसतो, पाण्याच्या दाबाचा असतो. पंप ज्या दाबाला सुरू होतो, तेवढीच हवा भरायची.

मग सांडपाणी. यावर लोक अजिबात विचार करत नाहीत, आणि खरी दुर्गंधी इथूनच येते. बेसिनखालच्या वळलेल्या नळीत थोडं पाणी साठून राहतं आणि ते खालचा वास अडवतं. घरात हे ठीक चालतं. खड्ड्यांतून गेलेल्या ट्रकमध्ये ते पाणी उडून जातं, आठवडाभर गाडी उभी राहिली तर वाळून जातं, आणि दार उघडताच कालच्या भांड्यांचा वास आपलं स्वागत करतो. म्हणून मी त्या वळलेल्या नळीऐवजी पाण्याविना बंद होणारा, आत सिलिकॉनचा पडदा असलेला ट्रॅप लावते. पाणी आलं की पडदा उघडतो, थांबलं की मिटतो. सांडपाण्याच्या टाकीलाही हवेची नळी हवी, नाहीतर बेसिन गुळण्या करत बसतं. नळीला ढाळ मीटरला दोन सेंटिमीटर पुरतो असं घरबांधणीत धरतात, पण घर सपाट उभं असतं. ट्रक जिथे जागा मिळेल तिथे तिरका उभा असतो, तेव्हा चार सेंटिमीटर द्या. आणि ही टाकी स्वच्छ पाण्याच्या टाकीएवढी असू द्या. लहान असली तर स्वच्छ पाण्याची टाकी अर्धी भरलेली असतानाच सांडपाण्याची काठोकाठ होते.

पाइपांचं काम त्यामानाने हलकं. मी पेक्सचा, म्हणजे एका लवचीक प्लास्टिकचा, पाइप वापरते. तो वाकतो, म्हणून सांधे कमी लागतात. पंपाच्या दोन्ही बाजूंना मात्र हातभर लवचीक नळी हवी, नाहीतर पंपाची थरथर पाइपातून भिंतीत आणि भिंतीतून उशीपर्यंत पोचते. प्लास्टिकच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळा, हाताने घट्ट करा, मग पान्याने जेमतेम अर्धा फेरा. त्याहून जास्त जोर लावला की चीर पडते, तीही लगेच दिसत नाही.

भिंत बंद करण्याआधी चाचणी घ्या. टाकी भरा, सगळे नळ बंद, पंप चालू. दाब चढला की पंप गप्प होईल, आणि मग तो गप्पच राहायला हवा. कोणी नळ उघडलेला नसताना दर काही मिनिटांनी एकदा टर्र वाजलं, तर कुठेतरी गळतंय. प्रत्येक सांध्याला टिश्यू पेपर गुंडाळून ठेवा. बोटाला जे पाणी लागत नाही ते कागदावर डाग पाडतं. पंपाच्या वायरला कंपनीने सांगितलेला फ्यूज लावा, आणि हाताशी येईल असा स्विच ठेवा. गाडी सोडून जाताना तो बंदच करायचा. एखादी नळी निसटली तर पंप इमानेइतबारे सगळी टाकी फरशीवर ओततो, कारण त्याच्या लेखी कोणीतरी नळ उघडलेला असतो.

गरम पाण्याचं विचाराल तर आकडेमोड करून ठेवा. 10 लिटर पाणी 30 अंशांनी तापवायला 0.35 युनिट वीज लागते. 12 व्होल्टच्या बॅटरीतून म्हणजे जवळजवळ 29 अँपिअर-तास, एका माणसाच्या काटकसरीच्या अंघोळीला. गॅसचा गीझर घेतलात तर जळालेला वायू थेट बाहेर सोडणाराच घ्या. बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइड रंग-वास काहीही न दाखवता जीव घेतो.

टाकी वापरायला काढण्याआधी निर्जंतुक करावी लागते. 5 टक्क्यांचं, सुगंध नसलेलं क्लोरीन ब्लीच, लिटरमागे 1 मिलिलिटर. नळातून वास येईपर्यंत प्रत्येक नळ सोडायचा, चार तास तसंच ठेवायचं, मग वास जाईपर्यंत साध्या पाण्याने धुवायचं. ब्लीचबरोबर व्हिनेगर किंवा कुठलंही आम्ल कधीही नको, विषारी वायू होतो. टाकी अपारदर्शक असली तर शेवाळ धरत नाही. आणि थंडीत पाणी गोठणार असेल तर सगळं रिकामं करा: खालचा कॉक उघडा आणि वरचे नळही उघडा, कारण वरून हवा आत आल्याशिवाय पाइपातलं पाणी खाली उतरत नाही. गोठताना पाणी सुमारे 9 टक्के फुगतं, आणि पंपाचं डोकं त्यापुढे टिकत नाही.

राहिला पंप. 12 व्होल्टचा, पडद्याचा, दाबाचा स्विच असलेला, आणि या प्रकारातला लहानच घ्या. मिनिटाला 4-5 लिटर देणारा भरपूर होतो; मोठ्याने फक्त टाकी लवकर संपते आणि आवाज वाढतो. पिण्याच्या पाण्यासाठीचा आहे असं त्याच्यावर लिहिलेलं असावं. शेतात औषध फवारणीला वापरतात तो पंप हुबेहूब असाच दिसतो, स्वस्तही असतो, पण त्याचा दाब बहुधा बराच जास्त असतो आणि त्याचं आतलं रबर पिण्याच्या पाण्यासाठी निवडलेलं असेल याची हमी नसते. बोटीच्या तळातलं पाणी उपसणारा पंपही नको. तो नुसतं पाणी फेकतो, दाब धरत नाही, त्यामुळे नळ बंद केल्यावर थांबायचं त्याला कळत नाही. घेताना त्याच मॉडेलचा पडदा आणि स्विच सुटे मिळतात का, तेवढं दुकानात विचारून घ्या.