सेकंड क्रीक, मे महिना: पावडर फक्त साडेनऊपर्यंत

मे महिन्यात कोलोरॅडोतल्या बर्थूड पास या घाटात, सेकंड क्रीकच्या उतारांवर, ताजी पावडर (नुकता पडलेला कोरडा, भुरभुरीत बर्फ) मिळते, हे खरं. ती दुपारपर्यंत टिकते, हे साफ खोटं. आम्हाला हे दुसरं सांगणारा माणूस कितीतरी वर्षं कोलोरॅडोत स्की करतोय, म्हणून आम्ही विश्वास ठेवला. डेन्व्हरहून सहा वाजता, चहा पिऊन आरामात निघालो. तिथेच दिवस हातचा गेला.

आम्ही तिघं होतो: मी, नागपूरचा एक मित्र आणि बोल्डरला राहणारी मैत्रीण. आदल्या दोन दिवसांत चांगला फूटभर बर्फ पडला होता. पास ११,३०७ फुटांवर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दुपटीहून उंच. तो ओलांडून विंटर पार्कच्या बाजूला थोडं उतरलं की हायवे ४० च्या कडेला सेकंड क्रीकचं पार्किंग लागतं. तिथून ब्रूम हट या डोंगरातल्या मुक्कामाच्या झोपडीपर्यंत मैलभराची चढण आहे. खडी आहे, पण वाट सरळ. तिच्याबद्दल जास्त लिहीत नाही, दम असेल तर जमते.

हटच्या वरचा मोठा उतार पूर्वेकडे तोंड करून आहे. नकाशा उघडला असता तरी कळलं असतं. मे महिन्यात इथे पावणेसहाच्या सुमारास सूर्य उगवतो आणि पहिलं ऊन नेमकं याच उतारावर पडतं. आम्ही वर पोचलो तेव्हा सव्वानऊ वाजले होते. तरी बाजूच्या उत्तराभिमुख सोंडेवर सावली शिल्लक होती. तिथून जी पहिली उतरण मिळाली, तिच्यासाठी मी पुन्हा जाईन. गुडघ्यापर्यंत भुरभुरीत बर्फ, वळणावर तोंडावर उडणारा, स्कीचा अजिबात आवाज नाही. खाली पोचल्यावर आम्ही तिघंही नुसते ओरडत होतो. बारा-तेरा वळणं असतील, पण या मोसमातली सगळ्यात चांगली.

तिथेच थांबायला हवं होतं. आम्ही दुसऱ्या फेरीसाठी स्किन्स लावल्या, म्हणजे चढताना स्की मागे घसरू नये म्हणून तिच्या तळाला गोंदाने चिकटवायच्या केसाळ पट्ट्या.

हटच्या वरचा हा टप्पा जेमतेम चारशे फूट चढाईचा आहे, आणि त्याला आम्हाला दोन तास लागले. वाट स्प्रूसच्या विरळ झाडीतून जाते. दहा पावलं ऊन, दहा पावलं सावली. उन्हात बर्फ पाणावलेला असतो, स्किन्सचे केस भिजतात. लगेच पुढे सावलीतली थंड, कोरडी पावडर येते, ती त्या ओल्या केसांना चिकटते आणि गोठते. पुढच्या उन्हात तिच्यावर आणखी ओला थर. काळ्या रानात पाऊस पडल्यावर चपलेखाली चिखलाचे थर चढतात ना, अगदी तसंच. वीस पावलांत स्कीखाली वीतभर जाडीचं ढेकूळ तयार होतं. मित्र म्हणाला, "अरे, गेडीवर चालल्यासारखं होऊन राहिलं." स्की पुढे सरकतच नाही, उचलून टाकावी लागते, आणि प्रत्येक स्की चार-पाच किलोने जड. थांबा, काठीने झोडपा, खरवडा, वीस पावलं चाला, पुन्हा तेच. मैत्रिणीच्या भाड्याच्या स्किनचा गोंद मुळातच मेलेला होता. मागचं टोक सुटलं, गोंदावर बर्फाचे कण आणि स्प्रूसच्या सुया बसल्या, मग ती काही केल्या चिकटेना. शेवटी पट्ट्याने आवळून बांधली.

यावर उपाय आहे आणि तो स्वस्त आहे. स्किन वॅक्सची वडी घ्या. घरूनच, स्किन कोरडी असताना, केसांच्या दिशेने घासून लावा, दोन हात. वडी खिशात ठेवा, सॅकच्या तळाशी नको. ती नसेल तर साधी मेणबत्तीही काम भागवते. एकदा ढेकूळ धरलं की आधी स्कीच्या कडेवर स्किन घासून पाणी निपटून काढा, मगच मेण लावा. ओल्या केसांवर ते बसत नाही. चालताना स्की उचलू नका, घासत न्या. वाट निवडताना सलग ऊन किंवा सलग सावली धरा, लांब पडली तरी चालेल. उतरताना स्किन्स जॅकेटच्या आत, अंगाशी ठेवा.

सव्वाबाराला वरच्या उतारावरून बर्फाचे गोळे आपोआप गडगडत येऊ लागले, मागे चर सोडत. ही ओल्या हिमस्खलनाची पूर्वसूचना. एप्रिलच्या कडक पापुद्र्यावर फूटभर नवा बर्फ आणि डोक्यावर मेचं ऊन. माथा शंभरेक फुटांवर राहिला होता, तरी आम्ही मागे फिरलो. मित्राला पटत नव्हतं, मी ऐकलं नाही. बीकन (गाडलेल्याला शोधायचं सिग्नल यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी), फावडं असलं म्हणून अशा उताराखाली उभं राहायचं नसतं. कोलोरॅडो ॲव्हलॉन्च इन्फर्मेशन सेंटरचं बुलेटिन सकाळी वाचाच, पण दहानंतर डोळे वर ठेवा.

उतरताना हटखालचा बर्फ रव्याच्या खिरीसारखा झाला होता. मांड्या संपल्या होत्या, मी दोनदा पडलो. नाकपुड्यांच्या खालची कातडी भाजली, कारण क्रीम तिथे लावलंच नव्हतं. ऊन बर्फावरून उलटं वर येतं.

आणि भाड्याचं. स्किन्स परत दिल्यावर दुकानदाराने "गोंद खराब केला" म्हणून ३५ डॉलर कापले. तो गोंद आम्हाला दिला तेव्हाच खराब होता. हे चुकीचं आहे आणि मी भांडलो, पण हातात पुरावा नव्हता. घेतानाच काउंटरवर स्किन सोलून बघा, बोट लावून चिकटते का पाहा, फोटो काढा, पावतीवर लिहून घ्या. वर्षाला तीनदा जात असाल तर सरळ स्वतःची विकत घ्या.

माझा हिशोब आता असा: डेन्व्हरहून साडेतीनला निघायचं, पाचला हेडलॅम्प लावून चढायला लागायचं, ऊन तापायच्या आत माथ्यावर. एकच फेरी, सोंडेच्या उत्तर बाजूने. साडेनऊला गाडीपाशी. पुढच्या शुक्रवारी रात्री पुन्हा बर्फ सांगितलाय, वडी आत्ताच खिशात टाकून ठेवली आहे.